एएफएमसीतल्या पाच परदेशी जागा

पुण्यात वानवडीला असलेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, परदेशी विद्यार्थीही शिकतात हे कळलं की पहिली तक्रार ठरलेली असते: आपल्या मुलांच्या जागा गेल्या. नीटसाठी दोन-दोन वर्षं घासूनही प्रवेश हुकलेल्या घरातला हा संताप समजण्यासारखा आहे, पण त्याचा रोख चुकतो. गेली काही वर्षं इथल्या एमबीबीएसच्या १५० जागांपैकी ११५ मुलांना, ३० मुलींना आणि ५ मित्रदेशांच्या उमेदवारांना मिळत आल्या आहेत. मुलींना फक्त तीसच का, हा प्रश्न त्या पाच जागांहून कितीतरी मोठा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. हे पाच जण पैसे मोजून मागच्या दारानेही येत नाहीत. त्यांना त्यांचं सरकार पाठवतं आणि व्यवहार आपल्या परराष्ट्र मंत्रालयामार्फत होतो. शिकून झाल्यावर ते भारतीय सैन्यात अधिकारी होत नाहीत, मायदेशी परततात. भारतीय कॅडेटला मात्र सैन्यात सेवा करावीच लागते, ती टाळली तर बाँडचे लाखो रुपये भरावे लागतात.

दुसरी शंका गुपितांची. परदेशी माणूस, त्यातही गणवेशातला, लष्करी संस्थेत का घ्यावा? पदव्युत्तर शिक्षणासाठी मित्रदेशांच्या सैन्यांतले डॉक्टर खरोखरच इथे येतात. पण ते शिकतात ते शस्त्रक्रिया, भूलशास्त्र, औषधवैद्यक. पदवी देतं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तेही राज्यातल्या इतर वैद्यकीय महाविद्यालयांसारखीच परीक्षा घेऊन. म्हणजे दर्जात सूट मिळते ही समजूतही टिकत नाही. छावणीत पाणी शुद्ध कसं करावं, एकाच वेळी पन्नास जखमी आले तर कुणाला आधी टेबलावर घ्यावं, हे सैनिकी वैद्यकाचे धडे जगभरच्या पुस्तकांत छापलेले आहेत. तैनाती आणि युद्धयोजना वर्गात शिकवल्या जात नाहीत.

खर्चाचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. आपल्याकडेच डॉक्टर कमी असताना करदात्याच्या पैशावर उभ्या संस्थेत बाहेरच्यांना का शिकवायचं? याचं उत्तर रुपयांत देता येत नाही. भूतानमध्ये अगदी अलीकडेपर्यंत एमबीबीएसचा अभ्यासक्रमच नव्हता. डॉक्टर व्हायचं तर देश सोडणं भाग होतं, आणि आपण नाही शिकवलं तर दुसरं कुणी शिकवणारच. शिवाय संकटं सीमा पाहून येत नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळ भूकंपाने हादरला तेव्हा भारतीय सैन्याची वैद्यकीय पथकं तिकडे धावली. अशा ठिकाणी जखमीच्या अंगावर लाल चिठ्ठी अडकवली की तो आधी, पिवळी असेल तर तो थांबू शकतो. समोरचा डॉक्टर त्याच पद्धतीत तयार झालेला असेल, तर रुग्ण सोपवताना समजावून सांगण्यात मिनिटं जात नाहीत. उद्या एखाद्या देशाशी संबंध बिघडले तर, असंही विचारलं जातं. तसं झालंच, तर त्या देशाची पुढची जागा थांबवणं आपल्याच हातात आहे.