कच्च्या मुळाचा दांत

सहाव्या-सातव्या वर्षीं मुलाच्या तोंडांत दुधाच्या दाढांच्या मागें एक नवी दाढ निमूटपणें उगवते. तिच्यासाठीं दुधाचा दांत पडत नाहीं. म्हणून तीहि दुधाचीच असावी, किडली तरी पडेल व दुसरी येईल, असा समज पुष्कळ घरांतून असतो. तो खरा नव्हे. ती दाढ कायमची असते. तिच्या जागीं दुसरी यावयाची नसते. सातव्या-आठव्या वर्षीं येणारे वरचे पुढील दोन दांतहि कायमचेच.

दांत हिरडींतून वर आला म्हणजे पुरा झाला, असेंहि नव्हे. त्याचें मूळ पूर्ण होण्यास पुढें सुमारें तीन वर्षें लागतात. तोंवर मुळाच्या भिंती पातळ व टोंक उघडें असतें. त्या जाड व्हावयाच्या तर पोकळींतील मऊ गर जिवंत पाहिजे. तो आंतून थरावर थर चढवीत असतो. कीड खोल गेल्यानें किंवा पडून दांत तुटल्यानें गर मेला, कीं हें काम अर्धवट राहतें.

प्रौढाच्या दांतांत अशा वेळीं रूट कॅनाल करितात. मेलेला गर काढून पोकळी स्वच्छ करितात व गटापर्चानें भरतात. मुळाचें टोंक अरुंद असल्यानें भरण तेथें अडतें. कच्चें मूळ मात्र बूड नसलेल्या पेल्यासारखें. त्यांत भरण ठरावें कसें? १९६६ सालीं अमेरिकेंतील आल्फ्रेड फ्रँक यांनीं यावर एक रीत प्रसिद्ध केली. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझविलेल्या चुन्याचें शुद्ध रूप, पोकळींत भरावयाचें व टोंकाशीं कठीण पडदा धरेपर्यंत थांबावयाचें. यास अनेक महिने लागतात. शिवाय चुना फार काळ राहिल्यास पातळ भिंती अधिकच ठिसूळ होऊं शकतात, असें पुढें आढळलें. १९९० नंतर एम. टी. ए. नांवाचें सिमेंट आलें. त्याचें बूड एक-दोन बैठकींत घालतां येतें. परंतु त्यानें भिंती जाड होत नाहींत. टोंकापलीकडचें रक्त पोकळींत आणून वाढ पुन्हां चालू करण्याचे प्रयोगहि प्रसिद्ध झाले आहेत. त्यांचें फळ सर्वांस सारखें मिळत नाहीं.

म्हणून मेलेल्या गरावरील उपायांपेक्षां जिवंत गर राखणें श्रेष्ठ. गराचा वरचाच भाग बिघडला असेल, तर तेवढाच काढून दंतवैद्य उरलेल्यावर औषधाचें आवरण घालतात. गर जगला तर मूळ पुरें होतें, आणि कित्येकदां रूट कॅनालची गरजच उरत नाहीं.

यांत मुख्य प्रश्न वेळेचा आहे. दांत तुटला तर तुकडा दुधांत किंवा पाण्यांत ठेवून मुलास त्याच दिवशीं दंतवैद्याकडे न्यावें. दुखणें थांबलें म्हणून निश्चिंत राहूं नये. गर मेल्यानेंहि दुखणें थांबतें. आणि मूल सहा वर्षांचें झालें, कीं आईबापांनीं दिव्याच्या उजेडांत दाढांच्या मागें एकदां अवश्य पाहावें. तेथें आलेली दाढ जन्माची सोबतीण आहे.