पर्वतीच्या पायऱ्या आणि सत्तरीतले पाय

पुण्यात भल्या सकाळी पर्वती टेकडीवर जाऊन बघा. कानटोपी, कॅनव्हासचे बूट आणि अखंड गप्पा! सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा शंभरावर पायऱ्या चढतात आणि वर पोचल्या पोचल्या विचारतात, "आज चहा कोणाकडून?" 😄

यामागचं शास्त्र साधं आहे. वयाबरोबर स्नायू हळूहळू घटतात. पायऱ्या चढताना मांड्या आणि पोटऱ्या आख्ख्या शरीराचा भार उचलतात, म्हणून त्यांची ताकद टिकते. हात न टेकता खुर्चीतून उठताना तीच कामी येते.

जागतिक आरोग्य संघटनेचा ६५ वर्षांपुढच्यांसाठी सल्ला:
✅ आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. उदाहरणार्थ, बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं भरभर चालणं.
✅ किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम. पडण्याचा धोका कमी होतो.

गुडघे कुरकुरतात? डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर चाला. तोलासाठी स्वयंपाकाचा ओटा धरून एका पायावर उभं राहा, दहापर्यंत मोजा, मग पाय बदला.

घरातल्या ज्येष्ठांना हे वाचून दाखवा आणि उद्या सकाळी त्यांच्याबरोबर तुम्हीही निघा! 👟