कोंबडा आजारी आहे का? असं ओळखा

धूलकोटसारख्या सातपुड्यातल्या गावांत परसातला कोंबडा दिवसभर मोकळा हिंडतो. त्यामुळे तपासायचा तो सकाळी, खुराडं उघडतानाच.

● तुरा : लाल, भरदार असेल तर ठीक. फिका पडला तर जंत किंवा पिसांतल्या उवा शोधा. निळसर झाला तर श्वासाचा त्रास असू शकतो. कडकनाथचा तुरा मुळातच काळपट, तिथे रंगावर जाऊ नका.

● अन्नपिशवी : सकाळी रिकामी हवी. गळ्याखाली घट्ट गोळा लागला तर चारा अडकलाय.

● छातीचं हाड : फुगलेल्या पिसांत रोडपणा लपतो. हाड धारेसारखं हाताला लागलं तर वजन घटलंय.

● विष्ठा : वरचा पांढरा थर नेहमीचाच. हिरवी पातळ हगवण, घरघर, मुरगळलेली मान दिसली तर मानमोडीचा (राणीखेत) संशय घ्या. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर बहुधा रक्ती हगवण.

● खपल्या : तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड आले तर देवी.

मानमोडीवर औषध नाही. वेळेवर लस हाच उपाय. आजारी पक्षी लगेच वेगळा ठेवा. एकाएकी बरेच पक्षी दगावले तर उघड्या हाताने उचलू नका, कापून खाऊ नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ वर फोन करा.