शिकवण्याचं पेटंट कुणाचं?

हैदराबादेत वाढलेल्या आपल्या मुलांशी गप्पा मारायला बसलं की हल्ली शाळा-क्लासच्या ॲपचा विषय निघतोच. कुणी गणिताच्या सरावाचं ॲप बनवतंय, कुणी क्लासवाल्यांसाठी हजेरी आणि फीचा हिशेब. बोलता बोलता एक प्रश्न ठरलेला असतो, "काका, याचं पेटंट घेता येईल का?"

मी गेली पंधरा वर्षं माधापूरमध्ये शिक्षणाशी संबंधित सॉफ्टवेअरचं काम करतो. वकील नाही, पण या धंद्यात राहून थोडं कळतं. मुलं जो प्रश्न विचारत नाहीत, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या कुणाचं पेटंट आपल्या अंगावर आलं तर? ऑनलाइन शिक्षणाच्या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला खटला नेमका याच प्रश्नाचा आहे.

टेक्सासमधला खटला

'ब्लॅकबोर्ड' ही १९९७ साली सुरू झालेली वॉशिंग्टनची कंपनी. अभ्यासक्रम, गृहपाठ, गुण, चर्चा हे सगळं एका ठिकाणी आणणारं तिचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत वापरलं जाई. १७ जानेवारी २००६ रोजी तिला अमेरिकेत ६,९८८,१३८ क्रमांकाचं पेटंट मिळालं. त्यात ४४ दावे होते. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात, तसे पेटंटात दावे असतात. आपली हद्द कुठून कुठपर्यंत, ते त्यांच्या शब्दांवरून ठरतं.

त्यातली एक मुख्य कल्पना अशी. एकच माणूस एका विषयाचा शिक्षक आणि दुसऱ्या विषयाचा विद्यार्थी असू शकतो. त्या त्या भूमिकेप्रमाणे त्याला काय दिसावं आणि काय करता यावं, हे सॉफ्टवेअर ठरवतं. स्वतः एम.टेक. करता करता बी.टेक.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेणारे सीनियर तुम्ही पाहिले असतील. गोष्ट तीच.

२६ जुलै २००६ रोजी ब्लॅकबोर्डने हे पेटंट जाहीर केलं आणि त्याच दिवशी 'डिझायर टू लर्न' या कॅनडाच्या कंपनीवर टेक्सासमधल्या लफ्किन गावच्या न्यायालयात खटला भरला. जॉन बेकर यांनी वॉटर्लू विद्यापीठात शिकत असताना, १९९९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. फेब्रुवारी २००८ मध्ये ज्यूरीने तिला सुमारे ३१ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. त्या वेळच्या भावाने १२ कोटी रुपयांच्या आसपास.

जुलै २००९ मध्ये अपील न्यायालयात चित्र पालटलं. पहिले ३५ दावे संदिग्ध म्हणून खालच्या न्यायालयानेच बाद केले होते. भरपाई मिळाली होती ती ३६ ते ३८ या दाव्यांवर. एकाच लॉगिनवर अनेक भूमिका, हेच आमचं नवेपण, असं ब्लॅकबोर्डचं म्हणणं होतं. न्यायाधीशांनी दाव्यांचे शब्द वाचले, तर एकाच लॉगिनची अट त्यांत लिहिलेलीच नव्हती. ती अट वगळली तर बाकीचं सगळं आधीच्या प्रणालींमध्ये होतंच. तेही दावे रद्द झाले आणि डिसेंबर २००९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी समझोता केला. तोवर जवळपास साडेतीन वर्षं गेली होती.

जुन्या तारखांची ताकद

खटल्याची बातमी फुटल्याबरोबर जगभरचे शिक्षक आणि प्रोग्रॅमर कामाला लागले. संगणकावरून शिकवण्याचे आधीचे प्रयोग विकिपीडियावर तारीखवार जमा होऊ लागले. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या 'प्लेटो'पर्यंत ती यादी मागे जाते. नोव्हेंबर २००६ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने मूडल, साकाई आणि एट्यूटर या मुक्त प्रकल्पांच्या वतीने पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्लॅकबोर्डने मुक्त सॉफ्टवेअरविरुद्ध ही पेटंटं वापरणार नाही, असं वचन दिलं.

आपल्याकडे याचा संबंध काय? मूडल ही ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामास यांची निर्मिती. पहिली आवृत्ती २००२ ची. आयआयटी मुंबईसारख्या संस्थेची मुलं याच मूडलवर असाइनमेंट जमा करत आली आहेत. त्यामुळे हा वाद आपल्यापासून फार लांबचा नव्हता.

आपला कायदा

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(क) चा नव्हे, ३(के) चा मजकूर लक्षात ठेवा. गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-प्रोग्रॅम यांना आपल्याकडे पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने हे दार थोडं उघडलं होतं; २००५ मध्ये संसदेने तो बदल गाळला. मात्र 'निव्वळ' या शब्दाला महत्त्व आहे. प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल तर अर्जाचा विचार व्हायला हवा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अलानी यांच्या प्रकरणात म्हटलं.

हैदराबादकरांचे अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात. आणि एखादा प्रसिद्ध झालेला अर्ज जुन्याच कल्पनेवर बेतलेला दिसला, तर पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते.

मग काळजी कशाची?

पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात चालतं. तुम्ही गच्चीबावलीत बसून कोड लिहा, पण माल अमेरिकेत विकलात तर तिथली पेटंटं लागू होतात. डिझायर टू लर्न कॅनडाची, तरी खटला टेक्सासमध्ये चालला.

आम्हाला एकदा परदेशी गिऱ्हाइकाचा करार आला. त्यात एक कलम होतं की पेटंटवरून कुणी दावा केला तर सगळा खर्च आम्ही सोसायचा. रकमेला मर्यादा नव्हती. ती घालून घेईपर्यंत आम्ही सही केली नाही. त्या महिन्यात कुठली सोय कधी बनवली, कुठल्या मुक्त सॉफ्टवेअरवरून घेतली, याची यादी काढत बसलो. एका सहकाऱ्याने जुन्या नोंदी जपल्या होत्या, म्हणून ती निघाली.

अमेरिकेतही २०१४ पासून थोडा दिलासा आहे. जुनीच अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चढवली म्हणून पेटंट मिळत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'ॲलिस' खटल्यात सांगितलं. पण ते सिद्ध करायला वकील लागतो, आणि तिथला वकील तासावर पैसे घेतो.

आपल्या मुलांसाठी चार गोष्टी

कोडमधले बदल, आराखडे, ईमेल तारखेसह जपा. उद्या 'आधी कोणी केलं' हे त्यांवरूनच ठरेल.

खरोखर नवं काही सापडलं असेल तर आधी अर्ज, मग हॅकेथॉनमध्ये प्रदर्शन. जगासमोर मांडलेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. तात्पुरता अर्ज करून ठेवला तर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात.

तुम्ही लिहिलेल्या कोडला कॉपीराइट आपोआप मिळतो. पण नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. नोकरी सांभाळून ॲप बनवणाऱ्यांनी आपलं नेमणूकपत्र पुन्हा वाचावं.

आणि गूगल पेटंट्सवर शोध घ्या. तो फुकट आहे. आपल्या बहुतेक घरांत मुलाच्या नव्या कंपनीत आईवडिलांच्या पीएफचे पैसे लागलेले असतात. परदेशी करारावर सही करण्यापूर्वी पेटंट वकिलाची फी, हा त्या पैशांतला पहिला खर्च असू द्या.