जेपींचं डायलिसिस आणि आपला रिपोर्ट

जयप्रकाश नारायण १९३२-३३ च्या सुमारास नाशिकरोडच्या तुरुंगात होते. तिथे मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन वगैरे तरुणांशी झालेल्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, हा इतिहास नाशिककरांना ठाऊक असतो. चार दशकांनी, आणीबाणीतल्या कैदेतून सुटले तेव्हा जेपींच्या किडन्या निकामी झालेल्या होत्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये जाईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. डायलिसिस हा शब्द अनेक मराठी घरांत पोचला तो बहुधा त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांमुळे.

तेव्हा हे उपचार म्हणजे मुंबई गाठायची आणि खिसा रिकामा करायचा. आज नाशिकमध्येच शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय आहे, खासगी केंद्रंही पुष्कळ. सरकारी जीवनदायी योजना जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचं धुळं होतं, नाशिक नव्हतं. आपला नंबर लागला नोव्हेंबर २०१३ मध्ये. आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत डायलिसिसही बसतं. निकामी किडनीवरचा उपचार असा घराजवळ आला. किडनी बिघडायला लागली हे वेळेत ओळखण्याची गोष्ट मात्र मागेच राहिली. खरं तर ती कितीतरी जुनी आणि स्वस्त आहे.

१८८६ मध्ये माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की अल्कलीयुक्त पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन (किडन्या रक्तातून गाळून लघवीत टाकतात तो टाकाऊ पदार्थ) मिसळलं की नारिंगी-लाल रंग येतो. त्याच तत्त्वावरची चाचणी आजही असंख्य लॅबमध्ये चालते. पुढे १९०५ मध्ये ओटो फोलिनने दाखवून दिलं की माणूस रोज जवळपास ठराविकच क्रिएटिनिन लघवीवाटे टाकतो. कारण ते स्नायूंतून तयार होतं आणि स्नायू काही एका रात्रीत वाढत-घटत नाहीत.

या स्थिरपणातूनच चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आली. जुन्या पेशंटांना तो प्लास्टिकचा कॅन आठवत असेल: सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. समजा १४४० मिलिलिटर जमली. दिवसाची मिनिटंही १४४०, म्हणजे मिनिटाला एक मिलिलिटर. लघवीत क्रिएटिनिन डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम आणि रक्तात १ असेल, तर किडन्या मिनिटाला १०० मिलिलिटर रक्तद्रव साफ करताहेत. रक्तातलं २ असेल तर ५०. गणित सोपं, पण लग्नाला गेलेल्या माणसाने दुपारची लघवी तिकडेच केली की सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून १९७६ च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राचं आणि २००९ नंतरच्या नव्या सूत्रांचं स्वागत झालं: रक्तातला आकडा, वय आणि लिंग (जुन्या सूत्रात वजनही) यांवरून अंदाज. कॅनचा वनवास बहुतेकांसाठी संपला. पण ही सूत्रं मुख्यत्वे परदेशी शरीरांवर बेतलेली. सडपातळ, शाकाहारी आजीबाईंच्या रक्तात मुळात क्रिएटिनिन कमी, त्यामुळे त्यांच्या किडन्या आहेत त्यापेक्षा चांगल्या भासू शकतात. शिवाय किडनीचं जवळपास निम्मं काम घटेपर्यंत रक्तातला आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो.

आता लोकांना सर्वांत जास्त घाबरवणारी ओळ: एका वेळच्या लघवीतलं क्रिएटिनिन. मार्चच्या उन्हात द्राक्षतोडणी करून आलेल्या मजुराची लघवी घट्ट, त्यामुळे आकडा चढा. सोनोग्राफीसाठी बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायलेल्या बाईंचा उतरलेला. दोघांच्या किडन्या ठणठणीत असू शकतात. या आकड्यावरून किडनीचा निकाल लावणं चूक आहे. त्याचं काम वेगळंच, लघवीचा पातळपणा हिशेबातून वजा करण्याचं. लिटरला ६० मिलिग्रॅम अल्ब्युमिन (बिघडलेल्या किडनीतून लघवीत गळणारं प्रथिन) आणि २ ग्रॅम क्रिएटिनिन, किंवा १५ मिलिग्रॅम आणि अर्धा ग्रॅम, दोन्हींचं गुणोत्तर ३० च येतं. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० दरम्यान इशारा, त्यावर गंभीर. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, जोराचा व्यायाम, मासिक पाळी यांनीही ते तात्पुरतं वाढतं. म्हणून एका रिपोर्टवर न थांबता तपासणी पुन्हा करतात आणि तीन महिने टिकलं तरच आजार म्हणतात.

आपल्याकडे 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात पन्नास आकडे मिळतात आणि हे एक गुणोत्तर बऱ्याचदा नसतं, ही मला खटकणारी गोष्ट आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही डॉक्टरांकडे मागून घ्या, आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट बरोबर न्यायला विसरू नका.