सरासरीचा चकवा

छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे टाकून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागले, की पुढे वाळूजची औद्योगिक वसाहत येते. बजाज ऑटोचा दुचाकी गाड्यांचा कारखाना येथे १९८५ साली सुरू झाला. अशा कारखान्यांत कोणी एकटा कारागीर सबंध गाडी बनवीत नाही. प्रत्येक जण आपल्या वाट्याचे काम करून ती पुढे सरकवितो. या रांगेला कामगार 'लाइन' म्हणतात.

अशी एक लहानशी लाइन कल्पून पाहा. तिच्यावर दोनच कामगार आहेत. प्रत्येकाला एका नगास कधी ४, तर कधी ६ मिनिटे लागतात; दोहोंची शक्यता सारखीच. सरासरी ५ मिनिटे. तेव्हा तासाला १२ नग व्हावेत, असा हिशेब कोणीही मांडील. प्रत्यक्षात सरासरीने ११ सुद्धा भरत नाहीत! मग देखरेख करणाऱ्यास वाटते, की दोघांपैकी कोणीतरी अंगचोर आहे.

वस्तुतः दोघेही निर्दोष आहेत. त्यांच्यामध्ये नग ठेवावयास जागा नाही. म्हणून दोघांचे काम उरकल्यावाचून लाइन सरकत नाही. जो मागे राहील, त्याच्या वेळेने ती चालते. दोन नाणी एकदम उडविली, तर चार प्रकार संभवतात. तसेच येथेही. एकाच प्रकारात दोघांनाही ४ मिनिटे पुरतात. उरलेल्या तिहींत कोणाला ना कोणाला ६ लागतातच. ४, ६, ६ आणि ६ यांची सरासरी साडेपाच! एकाची वाचलेली मिनिटे दुसऱ्यास उसनी देता येत नाहीत. कामगार तीन झाले, तर हीच सरासरी पावणेसहा होते. दहा झाले, की जवळजवळ ६ ला भिडते.

दोघांमध्ये एक फळी ठेवली, तर लवकर झालेला नग तिच्यावर थांबू शकतो व उशिराच्या वेळी उपयोगी पडतो. फळीवर नगांची रासच रचली, तर मात्र पैसा व जागा अडकून पडते. किती नग ठेवावेत, हे संभाव्यतेच्या गणिताने ठरविता येते. टेलिफोनसाठी असे गणित डेन्मार्कच्या अर्लांग यांनी १९०९ साली मांडले होते.

हत्यारांची धार राखून, सुटे भाग हाताशी ठेवून प्रत्येक नगास नेमकी ५ मिनिटेच लागू लागली, तर फळीवाचूनही तासाला १२ नग होतात. सरासरी मात्र तीच, पाचाची!