पगारातून पदव्युत्तर पदवी

नोकरी न सोडता घेतलेल्या पदव्युत्तर शिक्षणाचा हिशेब पूर्णवेळ शिक्षणापेक्षा मुळातच वेगळा असतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याची दोन वर्षांची कमाई बुडते, आणि ती पुष्कळदा फीपेक्षा मोठी भरते. अर्धवेळ विद्यार्थ्याचा पगार चालू राहतो आणि फीही बहुतेक ठिकाणी वर्षागणिक किंवा सत्रागणिक भरायची असते. दर महिन्याला येणारा पगार आणि दर सहा महिन्यांनी येणारी फी यांची सांगड घालता आली, तर कर्जाची गरज बरीच कमी होते. सगळी रक्कम आधीच कर्जाऊ घेतली, की नोकरीत राहून शिकण्याचा निम्मा फायदा व्याजात जातो.

फीची पातळी मार्गावर अवलंबून असते. १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ पासून नाशिकहून चालणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे सर्वांत स्वस्त मार्ग, तेथील एम.ए. किंवा एम.कॉम. काही हजार रुपयांत होते. मुंबईत जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेतील तीन वर्षांचे सायंकालीन अभ्यासक्रम नोकरदारांसाठीच आखलेले आहेत. बिट्स पिलानीची कामाशी जोडलेल्या शिक्षणाची योजना १९७९ पासून चालते, तिथे एम.टेक. करता येते, पण फी लाखांत जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी यांसारखे विषय दूरस्थ पद्धतीने शिकवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. त्यामुळे ‘घरबसल्या एम.टेक.’ अशी जाहिरात दिसली, तर पहिला हप्ता भरण्यापूर्वी त्या वर्षीची मान्यता आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत पाहावी. मान्यता नसलेल्या पदवीवर गेलेला पैसा कोणत्याही हिशेबाने वसूल होत नाही. परीक्षा शुल्क, संपर्क वर्गांचा प्रवास, परीक्षेसाठी घेतलेली बिनपगारी रजा हे खर्च माहितीपत्रकात छापलेले नसतात. तेही आधीच मांडलेले बरे.

एक उदाहरण घेऊ. चार सत्रे, प्रत्येकी ७५,००० रुपये, एकूण ३ लाख. प्रवेशाच्या सहा महिने आधीपासून दरमहा १२,५०० रुपये आवर्ती ठेवीत टाकत गेले, तर प्रत्येक सत्राच्या तोंडावर ७५,००० तयार असतात आणि चोविसाव्या महिन्यात सगळी फी फिटते. हेच ३ लाख ११ टक्के दराने तीन वर्षांच्या कर्जाने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,८२० रुपये पडतो. दरमहा २,७०० रुपयांचा भार हलका झाल्यासारखे वाटते, पण त्यासाठी सुमारे ५३,६०० रुपये व्याज जाते. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपून आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता न भरण्याची सवलत असते. ती फुकट नसते. वरच्या उदाहरणात बँकेने सत्रागणिक रक्कम दिली तरी तीन वर्षांत साध्या व्याजानेच ७४,२५० रुपये साचतात, आणि ते मुद्दलात मिळवून पुढचे हप्ते ठरतात. पगार चालू असणाऱ्याने ही सवलत न घेता व्याज तरी महिन्याच्या महिन्याला भरावे.

मालकाकडून काही मिळते का, हे प्रवेशाआधी विचारायचे असते. बऱ्याच कंपन्यांत शिक्षण साहाय्याचे धोरण असते, पण पैसे आधी स्वतः भरायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर परत मिळायचे अशी त्याची रीत असते. विषय कामाशी निगडित असावा आणि पूर्वपरवानगी घेतलेली असावी, या अटीही सहसा असतात. मंजुरीपत्र येण्याआधी फी भरली, तर ती रक्कम हातची जाऊ शकते. सरकारी कर्मचाऱ्याला कार्यालयप्रमुखाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. मदतीच्या बदल्यात कंपनी बाँड लिहून घेते: ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही, सोडल्यास रक्कम परत करायची. असे करार निव्वळ कागदी असतात हा समज धोक्याचा आहे. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची अट आणि २ लाख रुपयांची भरपाई वैध ठरवली. तो बाँड भरतीच्या वेळचा होता, शिक्षणाचा नव्हता; तरीही नोकरीतील बाँडकडे न्यायालय कसे पाहते हे त्यावरून कळते. सही करताना परतफेडीची रक्कम सेवेच्या काळाबरोबर घटत जाते का, एवढे तरी वाचून घ्यावे.

स्वतःच्या शिलकीपैकी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे, खाते उपयोगी पडते. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात त्यावर १ टक्का व्याजाने कर्ज मिळते, मात्र शिलकीच्या एका चतुर्थांशापर्यंतच. पाच वर्षांनंतर खातेदाराच्या उच्च शिक्षणासाठी खाते मुदतीआधी बंदही करता येते; तेव्हा व्याजाचा दर १ टक्क्याने कमी धरला जातो. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेणेही पुष्कळदा स्वस्त पडते.

मग येते बँकेचे कर्ज. अनेक शैक्षणिक कर्ज योजना पूर्णवेळ अभ्यासक्रमांसाठी असतात, त्यामुळे आपली संस्था आणि आपला अभ्यासक्रम योजनेत बसतो का, हे शाखेतून लेखी घ्यावे. बसत नसेल तर वैयक्तिक कर्ज उरते, त्याचा दर चढा असतो. शिकवणी कंपन्या आणि खासगी संस्था प्रवेशाच्या टेबलावरच ‘सोपे हप्ते’ देऊ करतात, तिथे सर्वांत जास्त जपावे. २ लाखांवर दोन वर्षांसाठी ‘१२ टक्के सरसकट’ असे सांगितले, तर व्याज ४८,००० आणि हप्ता १०,३३३ रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला फिटत असूनही व्याज पूर्ण २ लाखांवर लावलेले असते, म्हणून घटत्या शिलकीवरचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार किरकोळ कर्जदाराला सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्यपत्रक द्यावे लागते. ते मागून घ्यावे आणि त्यातलाच आकडा दुसऱ्या कर्जाशी ताडून पाहावा.

करसवलतीच्या बाबतीत कायदा स्वतः शिकणाऱ्या प्रौढाशी हात आखडून वागतो. आयकरात मुलांच्या शिकवणी शुल्काला वजावट आहे. स्वतःच्या फीला नाही. पन्नाशीतल्या शिक्षिकेने एम.एड. केले, तर तिच्या फीला कायद्यात जागा नसावी हे खटकते. स्वतःच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाला मात्र वजावट मिळते. २००९ च्या दुरुस्तीनंतर बारावीपुढचा कोणताही अभ्यासक्रम त्यात बसतो. वजावटीला कमाल मर्यादा नाही, मुदत आठ वर्षांची आहे, पण कर्ज बँकेचे, अधिकृत वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. नातेवाइकाचे चालत नाही. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २० टक्के टप्प्यातील व्यक्तीला वरच्या ५३,६०० रुपयांच्या व्याजावर तीन वर्षांत मिळून सुमारे ११,००० रुपयांचा कर वाचतो, म्हणून केवळ सवलतीसाठी कर्ज घेण्यात अर्थ नाही.

बदली, आजारपण, बाळंतपण अशा कारणांनी शिक्षण मध्येच थांबू शकते. प्रवेश रद्द केल्यास किती फी परत मिळेल हे तारखेवर ठरते. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यापुढे काहीच नाही. सत्र पूर्ण केलेले असेल तर त्याचे श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा ठेवता येतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. त्यासाठी विद्यापीठ त्या बँकेत नोंदलेले असावे आणि विद्यार्थ्याने आपले खाते उघडलेले असावे.